पाय, वतन आणि पासपोर्ट

मागच्या महिन्यात विहारात बैठक झाली तिथं भांडण झालं. तुमच्यातले बरेच जण होते. जे नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

आपला एक कार्यकर्ता कतारला चाललाय. नाव लिहीत नाही. गोदामात माल उचलायचं काम, दोन वर्षांचं कंत्राट. पोरगा आपल्याच शिबिरातून तयार झालेला. तालुक्यातल्या एका गावात आपल्या माणसांवर जो हल्ला झाला, त्या ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये तो डोळ्यांनी बघणारा साक्षीदार आहे. साक्ष अजून व्हायचीय. तर एक जण उठून म्हणाला, "हा पळपुटा आहे. गाव सोडतो तो चळवळ सोडतो." त्यावर दुसरा उठला, "ज्याला देशच नाय, तो देश सोडतो म्हंजे काय सोडतो? जाऊ दे की त्याला!" ह्या दुसऱ्या वाक्याला टाळ्या पडल्या. मीपण वाजवल्या.

मग रात्रपाळीला रिंग खात्यात उभा असताना डोक्यात भुंगा लागला. दोन्ही वाक्यं बोलायला सोपी आहेत. पहिलं वाक्य माणसाला बांधून ठेवतं. दुसरं त्याला मोकळा सोडतं, पण त्याच्याबरोबर साक्षपण मोकळी सोडतं. देश सोडणं म्हणजे नेमकं काय? कायद्यात काय, आणि माणसाच्या नजरेनं काय? मी नववीला शाळा सोडलेला माणूस. पण कायदा आपल्यावरच लागतो, तर तो आपणच वाचला पाहिजे, असं समजून वाचला. जे हाती लागलं ते मांडतो.

कायद्यात देश सोडण्याचे तीन वेगळे दरवाजे आहेत. लोक तिन्ही एकात कालवतात.

पहिला दरवाजा अंगाचा. शरीर सीमेबाहेर जाणार, त्याला पासपोर्ट. पासपोर्ट देणं ही सरकारची मर्जी, असं बराच काळ चाललं. १९६७ साली सतवंत सिंग साहनी खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. मग घाईनं त्याच साली पासपोर्ट कायदा झाला. १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात कोर्ट आणखी पुढं गेलं. नुसता कायदा आहे म्हणून भागणार नाही, कायद्यानं ठरवलेली रीत न्याय्य पाहिजे, असं म्हणालं. चांगलं झालं. पण खटले कुणाचे होते ते बघा. एक धंदेवाल्याचा, एक माजी पंतप्रधानाच्या सुनेचा.

दुसरा दरवाजा श्रमाचा. त्यासाठी १९८३ चा एमिग्रेशन कायदा. ह्यात देश सोडण्याची व्याख्या आहे: परदेशात नोकरी धरण्याच्या हेतूनं भारताबाहेर पडणं. बरं, नोकरी म्हणजे कसली? कायदा यादी देतो. अकुशल काम, कारखान्यातली नायतर शेतातली मजुरी. घरकाम. हॉटेलातली, चहाच्या दुकानातली चाकरी, पण तिथला व्यवस्थापक वगळून. ड्रायव्हर, मेकॅनिक, कारागीर, टायपिस्ट, नर्स, मशीन चालवणारा. ह्या माणसांनी 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' नावाच्या अधिकाऱ्याची परवानगी घ्यायची. त्यात पुन्हा चाळण आहे. दहावी पास असेल, इन्कमटॅक्स भरत असेल, त्याला ही परवानगी लागत नाही. दहावीच्या खालच्याच्या पासपोर्टवर ईसीआर असा शिक्का पडतो. म्हणजे आखातातल्या आणि इतर काही ठरावीक देशांत कामाला जाताना ह्याची तपासणी लागेल. आपल्या दोस्ताच्या पासपोर्टवर तोच शिक्का आहे. माझा काढला तर माझ्यावर तोच पडेल. बाईमाणसाचं तर आणखी वेगळं. २००७ साली सरकारनं अट घातली की असा शिक्का असलेल्या तिशीखालच्या बाईला त्या देशांत घरकामाला जाता येणार नाही.

म्हणजे कंपनीचा साहेब लंडनला जातो तेव्हा तो 'फॉरेनला' जातो. आपला माणूस जातो तेव्हाच तो कायद्याच्या भाषेत देश सोडतो.

आता कुणी म्हणेल, हा कायदा आपल्या भल्यासाठी आहे. आहेच. ते नाकारणारा मी नाही. एजंट पैसे खातो, तिकडं गेल्यावर मालक पासपोर्ट काढून घेतो, करारात लिहिलेला पगार मिळत नाही. कतारमध्ये तर २०१८ पर्यंत बहुतेक कामगारांना मालकानं हो म्हटल्याशिवाय देशाबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बंदरातून मराठी माणसं गिरमिटावर मॉरिशसला ऊस तोडायला गेली. त्यांचे वंशज आजही तिथं आहेत. त्या गिरमिटाचे हाल ज्यांना ठाऊक आहेत त्यांना सरकारी देखरेख का लागते ते सांगायला नको. माझा सवाल एवढाच आहे: रक्षण कुठं संपतं आणि राखण कुठं सुरू होते?

तिसरा दरवाजा नात्याचा. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे नुसतं बाहेर गेल्यानं नागरिकत्व जात नाही. आपण होऊन दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं तर जातं, नायतर आपण होऊन सोडलं तर जातं. म्हणजे आपला दोस्त पंचवीस वर्षं कतारात गोणी उचलत राहिला तरी तो भारतीयच. त्यानं देश सोडला असं १९८३ चा कायदा म्हणतो, सोडला नाही असं १९५५ चा म्हणतो. दोन्ही खरं आहे. श्रम गेले, नातं राहिलं.

आता इनामगावकडं येतो.

आमचा आज्जा इनामगावच्या खोदकामावर रोजानं माती उपसायला होता. घोड नदीच्या काठची पांढरीची टेकाडं डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत खणली. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनाच्या आधी सोळाशे वर्षांपासून सातशेपर्यंत तिथं शेतकऱ्यांचं गाव होतं. घरं सापडली, धान्याच्या कणग्या सापडल्या, जव सापडले. लहान पोरं दोन मडक्यांची तोंडं जोडून घरातल्या जमिनीखाली पुरलेली. आणि मोठी माणसं? आज्जा सांगायचा, "आरं, सांगाडा सगळा नीट, पन खाली पायच न्हाई. घोट्यापासनं तोडल्यालं." अभ्यासकांनीही तेच लिहून ठेवलंय. मेलेला माणूस उठून चालू लागू नये, भूत होऊन फिरू नये म्हणून पुरताना पाय तोडत असावेत, असा त्यांनी अर्थ लावला.

पण एक सांगाडा वेगळा निघाला. पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मोठ्या रांजणात बसवलेला पुरुष. त्याचे पाय शाबूत होते. तो गावचा कुणी मुखिया असावा असं म्हणतात.

मी हे लिहितोय ते तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना आजच्या जाती चिकटवायला नाही. तसं करणं खोटं होईल. पण एक गोष्ट लक्षात घ्या. सगळ्यांचे पाय तोडायचे आणि एकाचे ठेवायचे, ही रीत आपल्याला अनोळखी वाटत नाही. का वाटत नाही? कारण आपले पाय जिवंतपणीच तोडलेले होते. त्या तोडण्याला वतन असं नाव होतं.

वतन हा शब्द उर्दूत म्हणाल तर मायभूमी. शायर लोक त्यावर जीव ओवाळतात. आपल्या गावगाड्यात वतन म्हणजे महाराची चाकरी. १८७४ च्या वतन कायद्यानं ती सरकारी कागदावर पक्की केली. येसकर, तराळ, सांगावा घेऊन कोस न् कोस पळणारा, रात्री-अपरात्री हाक आली की धावणारा. घरातला बाप नसला तर पोरानं जायचं. मोबदला म्हणून तुकडाभर जमीन आणि बलुतं. म्हणजे गावासाठी अष्टौप्रहर पळायचं, पण गाव सोडून जायचं नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात ह्या वतनावर बिल आणलं. ते पास झालं नाही. कनिष्ठ वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं. स्वातंत्र्य येऊन अकरा वर्षं झाल्यावर.

तेव्हा मुंबईच्या गिरणीत, गोदीत, रेल्वेत, पलटणीत जे आपले आज्जे-पणजे गेले ते पोट भरायला गेले हे अर्धं खरं. ते वतन सोडायला गेले, हे पूर्ण खरं. त्यांना त्या वेळी गावानं काय म्हटलं असेल? पळपुटाच म्हटलं असेल. मित्रांनो, तो शब्द पाटलाच्या तोंडचा आहे. तो आपल्या बैठकीत आपल्या तोंडून निघाला. ह्याची मला लाज वाटते.

ह्याहून कडू उदाहरण फाळणीचं आहे. १९४७ साली पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांना हिंदुस्थानात यायचं होतं. तिथल्या सरकारनं सफाईचं काम अत्यावश्यक सेवेत घातलं आणि त्यांना निघू देईना. बाकीचे हिंदू गेले तर जाऊ देत, भंगी गेला तर शहर साफ कोण करणार? बाबासाहेबांनी १९४७ च्या डिसेंबरात नेहरूंना पत्र लिहून ह्या माणसांना बाहेर काढा म्हणून सांगितलं. ज्या देशाला आपण नकोसे आहोत तोच देश आपल्याला सोडत नाही, असं घडू शकतं. त्याला आपण नको असतो, आपले हात हवे असतात.

आता दुसऱ्या वाक्याकडं येऊ, ज्याला टाळ्या पडल्या. ज्याला देशच नाही तो काय सोडतो?

हे वाक्य कुठून आलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. १९३१ साली मणिभवनात बाबासाहेबांनी गांधींना तोंडावर सांगितलं की मला मायभूमी नाही. त्या बोलण्याचा आपल्याला अभिमान आहे आणि असायलाच पाहिजे. पण ते बोलणाऱ्यानं आयुष्यात काय केलं तेही सोबत वाचा. १९१३ साली ते अमेरिकेला गेले. बडोद्याची शिष्यवृत्ती होती, त्यातही करार होता, परत येऊन संस्थानची चाकरी करण्याचा. १९१७ ला परत आले. बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही, पारशाच्या वसतिगृहातून हाकलले गेले. ते दुसऱ्यांदा गेले, १९२३ ला पुन्हा परत आले. तिकडं राहायचं म्हटलं असतं तर कोण अडवणार होतं? त्यांनी 'मायभूमी नाही' म्हटलं ते जाण्याची परवानगी म्हणून नाही. ती फिर्याद होती. फिर्याद कोण करतो? ज्याचा हक्क आहे तो करतो. ज्याचं काही येणं नाही तो फिर्याद लावत नाही, तो नुसता निघून जातो.

म्हणून मला वाटतं, 'आपल्याला देश नाही' हे वाक्य दोन अर्थांनी बोलता येतं. एक, देश आपलं देणं लागतो आणि देत नाही. दुसरा, देशाशी आपलं काही देणंघेणं नाही. बाबासाहेबांचा अर्थ पहिला होता. परवा टाळ्या पडल्या त्या दुसऱ्या अर्थाला.

शिवाय सोडायचं म्हटलं तरी सुटतं का? १९१६ साली न्यूयॉर्कला वाचलेल्या जातीवरच्या निबंधात बाबासाहेबांनी केतकरांचं म्हणणं पुढं ठेवलं होतं, की हिंदू जगात इतरत्र जाऊन वसले तर जात हा जगाचा प्रश्न होईल. झालाच. २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या खात्यानं एका मोठ्या कंपनीवर जातिभेदाबद्दल दावा लावला. २०२३ साली सिएटल शहराच्या कौन्सिलनं जातिभेदाला बंदी घातली. म्हणजे जात तिकडं पोचली. तिला पासपोर्ट लागला नाही, शिक्का लागला नाही, प्रोटेक्टरची परवानगी लागली नाही.

आणि गंमत बघा. जात सगळीकडं जाते, जातीचा दाखला मात्र जात नाही. आंध्रातून बापाच्या नोकरीपायी मुंबईला आलेल्या अनुसूचित जमातीच्या एका मुलानं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात राखीव जागा मागितली. १९९० साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, एका राज्यातली ही सवलत दुसऱ्या राज्यात सोबत येत नाही. देश सोडला नाही, नुसतं राज्य सोडलं, तरी हक्क सीमेवर उतरवून घेतला. आणि आपण १९५६ साली नागपूरला जे सोडलं, ते तर जमिनीवरचं गावही नव्हतं. धर्म सोडला. तेव्हा केंद्राच्या यादीतून बाहेर पडलो ते १९९० च्या कायद्यानं परत आत आलो. चौतीस वर्षं. गावकुसाबाहेरची वस्ती तीच, पाणवठ्यावरची शिवी तीच, फक्त कागद म्हणत होता की तुम्ही तिथून निघालात.

तेव्हा निघणं म्हणजे काय हे पायांवरून ठरवायचं की मनावरून? हा प्रश्न कोर्टालाही पडलेला आहे. घटनेच्या सातव्या कलमात पाकिस्तानात 'स्थलांतर' केलेल्यांबद्दल लिहिलंय. १९६० साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, कायमचं राहायच्या इराद्यानं गेला तरच स्थलांतर. १९६६ साली कोर्टानं ते बदललं. कायमचा इरादा असो नसो, पण जाणं आपखुशीचं पाहिजे, आणि ठरावीक कामासाठी थोड्या मुदतीचं नको. इरादा गेला, पण आपखुशी राहिली. हा एक शब्द मी धरून ठेवलाय.

कारण आपल्या हाती आणखी एक कायदा आहे, ज्यात तोच शब्द उलट्या बाजूनं येतो. १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला त्याचं घर, गाव, राहण्याची जागा सोडायला भाग पाडणं हा त्यात गुन्हा आहे. कार्यकर्ते मारहाणीचं, शिवीगाळीचं कलम पाठ करतात, हे कलम विसरतात. आता दोन्ही कायदे शेजारी ठेवा. एक म्हणतो, परवानगीशिवाय जाऊ नको. दुसरा म्हणतो, ह्याला कुणी घालवायचं नाही. पहिल्यात माणसाचं जाणं गुन्हा होऊ शकतं, दुसऱ्यात त्याला घालवणं गुन्हा आहे. दोन्हींच्या मधे जी जागा उरते ती माणसाच्या खुशीची. त्यालाच मी स्वातंत्र्य म्हणतो. पाय शाबूत असणं म्हणजे जाता येणं, आणि पाय रोवून उभंही राहता येणं. एकाशिवाय दुसरं लंगडं आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात तेराव्या कलमात हेच आहे. कुणालाही आपला देश सोडण्याचा हक्क, आणि परत येण्याचा हक्क. एकाच वाक्यात दोन्ही. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये अस्पृश्यांसाठी पडीक जमिनीवर वेगळी गावं वसवा, त्यासाठी सेटलमेंट कमिशन नेमा, अशी मागणी केली होती. तीपण स्थलांतराचीच मागणी होती. पण एकट्यानं रात्रीतून परागंदा होण्याची नव्हती. सगळ्यांनी मिळून, कायद्यानं, राज्याच्या खर्चानं, उजेडात निघण्याची होती.

आता आपल्या दोस्ताचं बोलू. त्याचं जाणं आपखुशीचं आहे का? मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "एजंटाला पैसे भरलेत, सावकाराचं व्याज सुरू झालंय. आन दुसरं सांगू का? साक्ष दिली तर गावात दुकानवाला सामान द्यायचा नाय, अशी बोलणी चाललीयात." म्हणजे पोटानं अर्धा ढकलला, गावानं अर्धा. मग आपण त्याला पळपुटा म्हणणार? आणि 'देशच नाही' म्हणून टाळी देऊन निरोप देणार? तो गेला की आरोपीची केस हलकी होणार. त्यांना नेमकं तेच पाहिजे. आपली टाळी त्यांच्या उपयोगाची आहे.

माझ्यापुरता निर्णय असा आहे. त्याला अडवायचा हक्क आपल्याला नाही. तो हक्क पाटलाला नव्हता, कराचीच्या सरकारला नव्हता, तर चळवळीलाही नाही. चळवळ म्हणजे नवं वतन नव्हे. पण जे पोरगं त्या रात्री मार खाऊन पडलं, त्याचंही काही येणं आहे. ते देश मागत नाही, चळवळ मागत नाही. त्या रात्री जे दिसलं ते कोर्टात सांग, एवढंच मागतंय. ते देणं सीमेपलीकडं गेल्यानं फिटत नाही, आणि इथं बसून राहिल्यानंही आपोआप फिटत नाही. ते बोलल्यानं फिटतं.

म्हणून करायचं ते असं. न्यायदंडाधिकाऱ्यापुढं त्याचा जबाब झाला नसेल तर जाण्याआधी करून घ्यायचा. पण जबाब म्हणजे साक्ष नव्हे, उलटतपासणी झाल्याशिवाय ती पुरी होत नाही. म्हणून सरकारी वकिलामार्फत विशेष न्यायालयाला अर्ज द्यायचा, साक्षीदार परदेशी चाललाय, त्याची साक्ष आधी घ्या. तारीख मिळालीच नाही तर नव्या फौजदारी संहितेत, २०२४ च्या जुलैपासून, व्हिडिओवरून साक्ष घेण्याची सोय आहे, तीही मागायची. ॲट्रॉसिटी कायद्यातच साक्षीदाराच्या संरक्षणाची, प्रवासखर्चाची तरतूद आहे. दुकानवाल्यानं सामान नाकारलं तर त्यावर वेगळी फिर्याद. हे आपलं काम आहे, त्याच्या एकट्याचं नाही. विमानाच्या तिकिटाची तारीख आपल्याला ठाऊक आहे. तेवढ्या दिवसांत चार जणांनी तालुक्याला आणि पुण्याला खेपा घातल्या तर हे होतं.

इनामगावची ती वस्ती इसवी सनापूर्वी सातशेच्या सुमाराला उठली. पाऊस कमी होत गेला, शेती मोडली, माणसं गुरंढोरं घेऊन भटकी झाली असं म्हणतात. पाय तोडून पुरलेले तिथंच राहिले. आज्जा त्या सांगाड्यांवरची माती ब्रशनं काढायचा तेव्हा काय वाटायचं, असं मी त्याला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "काय वाटनार? रोज मिळत व्हता." आणि जरा वेळानं म्हणाला, "पन बाबा, जिता मानूस असा ठिवू ने."

बस. त्याला जाऊ द्या. पण साक्ष देऊन जाऊ द्या, आणि परत येईल तेव्हा गावात उभं राहायला जागा ठेवा.

अर्ज मी लिहून ठेवलाय. सह्या करायला रविवारी या.

जयभीम.